अणदूरचं ओलं रोगण

अणदूरला लोक खंडोबाच्या दर्शनाला जातात. मी माझी मुलगी परत आणायला गेलो होतो.

पुण्यात माझं रंगाचं दुकान आहे. दुकानामागे एक छोटा कारखाना आहे, तिथे आम्ही लाकडाचं व्हार्निश आणि लोखंडाचा प्रायमर बनवतो. अनघा माझी एकुलती एक. तिने तेलांचं शास्त्र शिकायला घेतलं तेव्हा मला वाटलं, पोरगी आपल्या धंद्यासाठीच शिकते आहे. शिकता शिकता कसल्याशा प्रकल्पासाठी ती धाराशिव जिल्ह्यातला एक लाकडी घाणा बघायला गेली आणि तिथेच राहिली. करडई आणि जवसाच्या तेलापासून लाकडावर लावायचं रोगण बनवते, असं फोनवर सांगायची. दर दोन वाक्यांनंतर घाणेवाल्याचं नाव यायचं. आण्णा असं म्हणतात, आण्णांनी तसं केलं, आण्णा आज फारच हसवत होते. मी तिला जन्मापासून ओळखतो. माझ्याशी ती एवढं कधी बोलली नव्हती.

शेवटी बायको म्हणाली, "एकदा जाऊन त्या आण्णांना बघून या. म्हणजे तुमचं पोटात दुखणं तरी थांबेल." पोळा जवळ आला होता. दुकानाच्या गाडीत दोन शर्ट टाकले, तुळजाभवानीच्या ओटीचं सामान घेतलं आणि निघालो. मनात एकच होतं, येताना शेजारच्या सीटवर अनघा असली पाहिजे.

तुळजापूर

बायकोचा हुकूम होता की आधी देवी, मग मुलगी. पण मुलगीच देवीच्या दारात भेटली. पाहुण्याला एकट्याने दर्शन घेऊ द्यायचं नाही, म्हणून आण्णा तिला त्यांच्या जीपमधून तुळजापूरला घेऊन आले होते. गाडी लावून मी देवळाकडे उतरत होतो. दोन्ही बाजूंना कुंकवाचे ढीग, परड्या, कवड्यांच्या माळा. सोलापूरहून आलेल्या बसचे भाविक घोळक्याने चालले होते. त्या गलक्यात एका बाईचा चढलेला आवाज येत होता. कोण बुवा एवढं भांडतंय म्हणून मी वळून बघितलं, तर ती अनघा.

"रोगण एका रातीत वाळतं असं कुणी सांगितलं होतं तुम्हाला सांगायला? सुताराने आता दारं बसवली, आणि घरमालकाचा हात चिकटला त्यांना!"

"आगं, गिऱ्हाइकाला खरं सांगितलं तर त्यो दुकानातला डबा घेईल की," समोरचा गृहस्थ म्हणाला. "वाळंल म्हणलं. आता वाळंना झालंय तर त्येला म्या काय करू? फुंकर घालू व्हय?"

"खोटं बोलायचं आणि वर फुंकर? उद्या जाऊन माफी मागायची. तुम्ही. मी येणार नाही."

"जातो बाई, जातो."

आण्णा माझ्याच वयाचे. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, टोपी, आणि आवाज असा की कुजबुजले तरी पलीकडच्या दुकानात ऐकू जावं. मला बघताच त्यांनी मिठीच मारली. "या या, पुणेकर! तुमची लेक म्हंजे लवंगी मिरची हाय बगा. दिसभर तडतड, तडतड."

मी हसलो, पण आतून चरकलो. माझी लेक कशी आहे हे हा माणूस मला सांगत होता! आणि लवंगी मिरची कुठली? आमच्याकडे अनघा म्हणजे शांत मुलगी. एका शब्दाने उलट बोलत नाही, हे मी दुकानात बसून लोकांना अभिमानाने सांगत आलो होतो.

माझ्याकडे वळली तेव्हा तिचा आवाज एकदम खाली आला. "बाबा, प्रवासाचा त्रास नाही ना झाला?" बँकेतली मुलगी विचारते तसं.

दर्शन चांगलं झालं. ओटी भरली. मागणं काय मागितलं ते सांगायला नको. बाहेर येऊन आम्ही धपाटे खाल्ले, वर घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी. पुण्यात जेवताना तिखट लागलं की माणूस पाणी मागतो, इथे आणखी एक धपाटं मागतो. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आमच्या घरी मिरचीचा तुकडा बाजूला काढून ठेवणारी अनघा ठेचा बोटाने चाटत होती, आणि घाण्यावरच्या तेलात ठेचा चांगला की बाजारच्या, यावर आण्णांशी वाद घालत होती. मी दोघांच्या मध्ये बसलो होतो, दोघांनाही त्याची अडचण होत नव्हती.

अणदूर

नळदुर्गचा किल्ला बाजूला ठेवून रस्ता अणदूरकडे जातो. काळी जमीन सोयाबीनने झाकून गेली होती, मधूनमधून तुरीच्या ओळी. ढग असे खाली आले होते की वाटावं आता पाऊस पडणार, आणि पडत मात्र नव्हता. हवा दमट, शर्ट पाठीला चिकटलेला. रंगाच्या धंद्यातल्या माणसाला अशी हवा बघितली की आधी वाळण्याची काळजी लागते.

वाटेत चहाला थांबलो तेव्हा आण्णांनी खंडोबाची गोष्ट सांगितली. इथला देव वर्षातला काही काळ नळदुर्गला असतो आणि बाकीचा अणदूरला. दोन्ही गावांचा तसा करारच आहे. ठरल्या वेळी एक गाव देव नेतं, दुसरं गाव निरोप देतं. मला वाटलं, देवाच्या बाबतीत माणसं किती समजूतदार असतात. मुलीच्या बाबतीत असा करार करायला कुणी मला बोलावलं नव्हतं.

आण्णांचा घाणा घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. अनघाची खोली समोरच्या बाजूला, भाड्याने घेतलेली. आण्णांच्या मालकिणीने, मी त्यांना वहिनी म्हणू लागलो, ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी वाढली. मग अनघाने मला गच्चीवर नेलं. तिथे काचेने झाकलेल्या पसरट पराती ओळीने मांडल्या होत्या आणि त्यांत मधासारखं तेल. करडईचं तेल फिकट राहतं पण वाळायला सावकाश, जवसाचं लवकर वाळतं पण पिवळं पडतं, म्हणून ती दोन्ही मिसळते. उन्हात ते महिनोन् महिने घट्ट होऊ द्यायचं, मग वाण्याकडची राळ वितळवून त्यात घालायची. झालं रोगण. त्यात टर्पेंटाईन नाही, रॉकेलच्या जातीचं काही नाही, नाकाला झोंबणारं काही नाही.

"जिमिनीतनं तेल तर त्ये अरब बी काढत्यात," आण्णा मागून म्हणाले. "पर त्येंचं एकदा काढलं की संपलं. आमच्या जिमिनीतनं दरसाल निघतंय."

"दरसाल पाऊस पडला तर," अनघा म्हणाली. "गेल्या खेपेला करडई किती आली होती? तुमचीच आली नव्हती."

"आली न्हवती तर न्हवती! पर पुन्यांदा पेरली का न्हाय?"

मी खाली उतरलो आणि तिचं काम तपासायला लागलो. गोठ्याचं दार, अंगणातली बैलगाडी, पावसात उभी असलेली पेरणीची जुनी तिफण. अंगठा दाबून बघितला, नखाने खरवडून बघितलं, चाकाच्या सांध्यात पाणी शिरलं आहे का ते वाकून बघितलं. कुठे फुगलेलं नाही, पोपडा नाही, बुरशी नाही. व्यापारी म्हणून मान डोलवावी असं काम होतं. मला राग आला. माझ्या कारखान्यात हे केलं असतं तर मी गावभर पेढे वाटले असते. इथे ते दुसऱ्याच्या गोठ्याच्या दाराला लावलेलं होतं.

यंदा तिने नवीन काम अंगावर घेतलं होतं. पोळ्याला बैलांची शिंगं तासून रंगवतात. सगळे दुकानातला ऑइलपेंट आणतात, माझ्या दुकानातूनही तो पुष्कळ जातो. अनघाने आपल्या रोगणात काव आणि पिवडी, म्हणजे तांबडी-पिवळी माती, खलून शिंगांचा रंग केला होता. अर्ध्या गावाने हाच लावू असं कबूल केलं होतं. फसला तर लोक पुढे दारालाही हात लावू देणार नाहीत, हे तिने मला सांगितलं, आणि सांगताना नख कुरतडलं. त्या कुरतडण्याने मी सावध झालो. रंग फसला तर ती घरी येईल. एवढा सरळ हिशोब होता. मी मनातल्या मनात ढगांना हात जोडले.

माकणी

दुसऱ्या दिवशी जवस आणायला माकणीला गेलो. धरणाजवळ एका शेतकऱ्याने राखून ठेवलेलं पोतं होतं. धरणाचं पाणी करडं दिसत होतं, काठावर बगळे, लांबवर एक होडी. जागा मोठी सुरेख, पण मला तिच्याकडे नीट बघता आलं नाही, कारण जीपमध्ये पुढे दोघांचं भांडण चालू होतं आणि मी मागच्या सीटवर टोपलीशेजारी बसलो होतो. जवस आधी भाजावं का, खिडकी उघडी का, डावीकडचा रस्ता बरा की उजवीकडचा. आण्णा प्रत्येक बाबतीत छातीठोक बोलायचे आणि दहातलं निम्मं चूक असायचं. ती चूक दाखवायची, ते आरडाओरडा करायचे, मग दोघं हसायची. हरलं कोण हे मला शेवटपर्यंत कळायचं नाही.

मला त्यांच्या हसण्याचा हेवा वाटला नाही. भांडणाचा वाटला. हे मला तिथेच, त्या टोपलीशेजारी उमगलं, आणि अंगाचा तिळपापड झाला. माझ्याशी ही का भांडत नाही?

मी मुद्दाम काडी टाकून बघितली. "अनघा, तुझं हे रोगण महाग पडणार. बाजारात टिकायचं नाही."

"असेल, बाबा," ती म्हणाली.

"आणि दमट हवेत वाळत नाही."

"हं. बघू."

"शिकवलेलं सगळं वाया घालवते आहेस तू."

ती खिडकीबाहेर बघू लागली. आण्णांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दया होती, आणि दया मला अजिबात चालत नाही.

खांदमळणी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात, वर्षभर जू ओढलेले खांदे मऊ करतात, आणि दुसऱ्या दिवशी जेवायला या म्हणून त्यांना आवतन देतात. आमच्याकडे पाहुण्याला फोन करून बोलावतात, इथे बैलाच्या कानात सांगतात. त्या दिवशी दुपारी अनघा आणि आण्णा गावात कुणाकुणाकडे किती रंग लागणार ते विचारायला गेले होते. मी शेडमध्ये एकटा होतो.

समोर रंगाचे डबे. शेजारी तिने सकाळी रंगवलेली फळी. मी अंगठा लावला, चिकट. सकाळचा रंग दुपारपर्यंत जराही धरला नव्हता. उद्या सकाळी शिंगं रंगवून संध्याकाळी बैल मिरवायचे, तर काय होणार हे मला स्पष्ट दिसत होतं.

गप्प बसलो असतो तर ती माझ्याबरोबर गाडीत असती. पण मला तेवढ्यात दुसरंच सुचलं. हा रंग मी वाळवून दाखवला तर? आण्णांना जे जमलं नाही ते बापाने केलं, असं झालं तर? गाडीच्या डिकीत रंग लवकर वाळवणाऱ्या ड्रायरची बाटली होती, आमच्या धंद्यातल्या माणसाकडे ती असतेच. सगळ्यात मोठ्या डब्यात बेताने ओतलं, ढवळलं, एक फळी रंगवली आणि वाऱ्याला ठेवली.

दिवेलागणीला फळी खडखडीत. मी ती घेऊन अंगणात गेलो. आण्णा बैलाच्या खांद्याला लोणी चोळत होते, वहिनी हळदीची वाटी धरून उभ्या, अनघा बैलाची मान खाजवत होती.

"हात लाव," मी तिला म्हणालो.

तिने लावला. मग आण्णांनी लावला. "आरं तिच्या! वाळला की! पुणेकर, काय जादू केली?"

अनघा हसली नाही. "बाबा, काय घातलंत यात?"

"थोडं ड्रायर."

"कुठलं?"

"कोबाल्टचं. कुठलं असणार?"

तिने फळी खाली ठेवली. मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"कुणाला विचारून? बैल एकमेकांची शिंगं चाटतात, दिसत नाही तुम्हाला? उद्या वहिनी याच शिंगांना हात लावतील आणि त्याच हाताने पुरणपोळी भरवतील! पोटात गेलं तर चालेल असंच काही शिंगावर लावणार, असं मी घरोघर जाऊन सांगितलंय! आणि तुम्ही मोठ्यात मोठा डबा काढून त्यात ओतलंत! काय करायलात तुम्ही, बाबा?"

"तुझ्या भल्यासाठी केलं!"

"माझ्या भल्याचं मला विचारायचं असतं! दुकानात माझ्यासाठी खुर्ची आणलीत, मला विचारलंत? पाटीवर माझं नाव घातलंत, मला विचारलंत? तुमच्यासमोर बोलायला तोंड उघडलं की तुमचं उत्तर तयार असतं. बोलून काय करू मी?"

"मग बोलायचं ना! भांडायचं! या आण्णांशी भांडतेस तशी!"

"आण्णा ऐकतात!"

"मी बहिरा आहे का?"

"हो!"

अंगणात शेजारीपाजारी जमले. बैलाने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. आण्णा हाताचं लोणी लेंग्याला पुसत मध्ये आले. "आगं लेकरा, बाप हाय तुजा. आसं बोलत्यात व्हय?"

"तुम्ही मध्ये पडू नका, आण्णा. हे आमचं आहे."

आण्णांचा चेहरा असा पडला की मला मनातून गुदगुल्या झाल्या. अंगावर शिव्या पडत होत्या, शेजारी हसत होते, चूक उघड माझी होती, आणि मी सुखात होतो. आमचं आहे, म्हणाली. मी आणखी दोन मुद्दे काढले, केवळ ती थांबू नये म्हणून.

पोळा

तो मोठा डबा तिने झाकण ठोकून बंद केला आणि 'शिंगांना नाही' असं त्यावर खडूने लिहिलं. दाराखिडक्यांना तो चालेल, एवढं मला म्हणाली. उरलेला रंग सकाळी घरोघर वाटला, पुरवून पुरवून. ज्यांना मिळाला नाही त्यांनी नुसतं तेल चोळलं.

आणि रंग वाळला नाही. हवा तशीच दमट होती. दुपारनंतर सगळे बैल सजून निघाले, पाठीवर झुली, कपाळाला बाशिंगं, गळ्यात घुंगरमाळा, हलगी कडाडत होती. मारुतीच्या देवळापाशी तोरणाखाली गर्दी झाली आणि तिथे खरी मजा झाली. ज्याला शिंग लागलं त्याच्या कपड्यावर काव. धोतरांवर पट्टे, टोप्यांवर ठिपके, सरपंचांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर पाठभर एक तांबडी रेघ. माझा शर्ट तर बघायला नको. आण्णा तांबडे होऊन नाचत होते.

अनघा देवळाच्या कट्ट्याशी उभी होती. नख कुरतडत. मी तिच्याजवळ गेलो. आता ती म्हणेल, बाबा, चला घरी. मी वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू.

रंग लागलेला एक म्हातारा शेतकरी तिच्यासमोर येऊन थांबला. सदऱ्याची बाही दाखवत म्हणाला, "पोरी, ह्यो काय रंग हाय व्हय? सगळ्या गावाला लावलास की."

"चुकलं, आजोबा," ती म्हणाली.

"चुकलं तर चुकलं. पुढल्या साली आठ दिस आदी दे. आमी आदी रंगवून ठिवतो."

"आदी कोण रंगवतंय?" आण्णा मागून ओरडले. "पोळ्याच्या दिशीच रंगवायचं असतंय!"

"रंगवायचं!" अनघा वळून म्हणाली. "कामून न्हाय रंगवायचं? बैल काय नाराज होत्यात का?"

आणि तिघांचं सुरू झालं. मला कळून चुकलं की ती पुढच्या सालाचं भांडते आहे. ओल्या रंगासकट गावाने तिला ठेवून घेतलं होतं. ढगांना जोडलेले माझे हात फुकट गेले.

परत

निघताना मी सरळ विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. "येतेस का, अनघा?"

"नाही, बाबा."

"कधीच नाही?"

"ते आत्ता कशाला ठरवू? पण तुमच्या कारखान्यात जवस वापरायला लागलात तर फॉर्म्युला सांगेन. फुकट नाही."

"तुझा फॉर्म्युला दमट हवेत वाळत नाही."

"तुमचा वाळतो, पण बैल चाटू शकत नाही!"

गाडी सुरू केली तरी ती काचेला हात लावून बोलतच होती. टर्पेंटाईनवरून, कामगारांना हातमोजे न देण्यावरून, दुकानातल्या त्या खुर्चीवरून. मी काच खाली ठेवून ऐकत होतो. आण्णा फाटकाशी उभे होते, हात मागे बांधून, आणि एकदाच का होईना त्यांना बोलायला जागा नव्हती. मी त्यांना हात केला. जरा जास्तच वेळ केला.

घरी पोचलो तेव्हा बायको दारातच होती. आधी गाडीची शेजारची रिकामी सीट बघितली, मग माझा तांबडा शर्ट.

"आली नाही ना?"

"नाही."

"तुम्ही काहीतरी बोलला असाल. भांडण झालं का?"

"झालं की," मी बूट काढत म्हणालो. "आण्णांशी भांडते त्याच्या निम्मंही नाही. पण भांडली."